प्रयत्नांती परमेश्वर?



‘द पोसायडन ॲडव्हेंचर’ हा १९७२ सालचा इंग्रजी चित्रपट आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. नववर्षाच्या मध्यरात्री एक प्रचंड लाट प्रवासी जहाजावर आदळते आणि जहाज पूर्ण उलटे होते. छत खाली, तळ वर. मेजवानीच्या दालनात अडकलेल्यांना जहाजाचा अधिकारी सांगतो, इथेच थांबा, मदत येईल. रेव्हरंड स्कॉट नावाचा प्रवासी धर्मोपदेशक सांगतो, थांबाल तर बुडाल. आता तळ वर आहे, तिकडे चढत चला. नाताळच्या झाडाची शिडी करून तो काही जणांना घेऊन निघतो. मागे राहिलेल्यांवर लवकरच पाणी येते.

हे पाहून आपल्या तोंडी सहज येते, ‘प्रयत्नांती परमेश्वर’. स्कॉटची शिकवणही तीच आहे. देवाला हातपाय गाळणारे आवडत नाहीत, झगडणारे आवडतात, असा उपदेश त्याने अपघातापूर्वीच जहाजावर केलेला असतो. आपल्याकडेही मुलांना परीक्षेच्या वेळी आपण हेच सांगतो, आणि त्यात वाईट काही नाही. पण ही म्हण बायबलमधली नव्हे, हे लक्षात असू द्यावे.

कारण पुढे चित्रपटच स्कॉटला उत्तर देतो. त्याच्यामागून चढणारे सगळे वाचत नाहीत. एक जखमी कामगार खाली कोसळतो. बेल रोझन ही थोराड, वयस्कर बाई पाण्याखाली अडकलेल्या स्कॉटलाच सोडवते आणि हृदय बंद पडून मरते. आणखी एक स्त्री सुटकेच्या अगदी जवळ येऊन पडते. तेव्हा स्कॉट देवावरच ओरडतो, अजून किती बळी हवेत म्हणून विचारतो, आणि वाट मोकळी करताना स्वतःही जातो. शेवटी सहा जण बाहेर येतात. मेलेल्यांनी काय कमी प्रयत्न केले होते?

हा प्रश्न समुद्रावरचा किंवा पडद्यावरचा नाही. २३ जानेवारी २०२४ रोजी, मंगळवारी सकाळी, चामोर्शी तालुक्यातील गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली. नावेतल्या बाया नदीपलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात, मिरची तोडायला निघाल्या होत्या. सहा जणी बुडाल्या. नावाड्याला एकीलाच वाचवता आले. त्यांच्याइतके प्रयत्न करणारे दुसरे कोण? घरचे आवरून, थंडीत, रोजीसाठी नदी ओलांडणारी बाई हातपाय गाळून बसलेली नसते.

अपघातातून सुटलेला माणूस म्हणतो, ‘देवाने वाचवले.’ हे आभार खरे आहेत, ते कोणी अडवू नये. पण हेच वाक्य गावात दुसऱ्या घरी, जिथे प्रेत उतरवले आहे, तिथे ऐकू जाते तेव्हा त्याचा अर्थ काय होतो? मग तिला देवाने का नाही वाचवले? आणि हा प्रश्न सहन होत नाही म्हणून आपण उत्तरे शोधू लागतो. तिची श्रद्धा कमी पडली असेल. घरात काही पाप असेल. तिचे भोग. सांत्वनाला गेलेली माणसेसुद्धा असे बोलून येतात. मला तर हे बोलणे बुडण्याइतकेच भयंकर वाटते.

प्रभू येशूही अशाच एका अपघाताबद्दल बोलला होता. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज अंगावर पडून मेलेल्या अठरा जणांचा उल्लेख आहे. ते यरुशलेममधल्या इतरांहून अधिक पापी होते काय, असे येशू स्वतःच विचारतो आणि साफ नाही म्हणतो. ते का मेले, हे मात्र तो सांगत नाही. जे प्रभूने सांगितले नाही ते आपण सांत्वनाच्या नावाखाली कशाला सांगावे? उलट तो जिवंत उरलेल्यांकडे वळतो आणि पश्चात्ताप करायला त्यांना सांगतो. म्हणजे वाचणे हे चांगुलपणाचे प्रमाणपत्र नाही.

त्या चित्रपटात आणखी एक धर्मगुरू आहे, वृद्ध चॅप्लेन जॉन. तू फक्त बळकटांसाठीच बोललास, असे तो स्कॉटला उपदेशानंतर सुनावतो. जहाज उलटल्यावर स्कॉट त्याला बरोबर बोलावतो, तर तो जात नाही. ज्यांना चढता येत नाही त्यांच्यापाशी राहतो. पहिल्यांदा पाहताना हा म्हातारा निरुपयोगी वाटतो. स्कॉट चुकला असे नाही, चढायलाच हवे होते. पण चढू न शकणाऱ्यांचाही देव आहे, हे तिथे राहून सांगायला कोणीतरी लागते.

खऱ्या ‘टायटॅनिक’वर, १९१२ साली, ही दोन्ही कामे एकाच माणसाने केली. फादर थॉमस बाइल्स हे इंग्लंडमधले कॅथलिक धर्मगुरू भावाचे लग्न लावायला न्यूयॉर्कला निघाले होते. त्यांनी खालच्या, तिसऱ्या वर्गातल्या प्रवाशांना वर आणले, बायकामुलांना होड्यांत बसवले. स्वतःला देऊ केलेली जागा नाकारली. होड्या संपल्यावर मागे उरलेल्यांची पापनिवेदने ऐकली, त्यांच्याबरोबर जपमाळ म्हटली. त्यांचा मृतदेह सापडला नाही.