शोकात डोळ्यांना आलंबन

२०२० साली पायी वारी थांबली. त्याच ज्येष्ठात आमचे कुटुंब वैकुंठवासी झाले. वीणा खुंटीवरच राहिली. नातवाच्या मोबाइलमध्ये तिचाच फोटो पाहत मी बसे. डोळे भरत, दिसत मात्र काही नसे.

त्या जूनमध्ये लोणारचे सरोवर गुलाबी झाले. नातू म्हणाला, "आबा, चला, फोटो तुम्हीच काढा." हात थरथरला, चित्र वाकडे आले, पण कितीक दिवसांनी मी काही पाहिले! जाणते सांगतात, पाणी आटले, क्षार वाढला, आणि क्षारात जगणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आला. पहा, आटल्यावर रंग आला!

तेव्हापासून नेम धरला: हरिपाठ झाला की एक फोटो. कधी गव्हाणीवरची गाय, कधी ज्वारीचे कणीस. मन टेकवायच्या वस्तूला शास्त्रात आलंबन म्हणतात. विटेवरच्या सावळ्या रूपावर आपण तेच करतो ना? मोबाइल काही देव नव्हे, गेलेले माणूस त्यातून परत येत नाही. पण एक वस्तू नीट पाहिली की तिचा कर्ता आठवतो.

एके सकाळी फोटो काढताना दिसले, तिने लावलेल्या तुळशीला मंजिरी आली होती. त्या दिवशी वीणा खाली काढली.

रामकृष्णहरि!