भिंतीकडचा पाय

काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्या माणसाच्या घरी तुम्ही गेलात, तर तो तुम्हाला मासे दाखवील, पाण्यातली झाडे दाखवील, बुडबुडे सोडणारा पंपही दाखवील. टाकी ज्यावर उभी असते तो स्टँड मात्र कोणी दाखवीत नाही आणि पाहुणाही त्याची चौकशी करीत नाही. त्या बिचाऱ्याची आठवण व्हायची ती तो मोडला तर. असाच एक स्टँड मी तीन वर्षांपूर्वी केला. तो मोडला नाही. आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, तो माझ्या मनातून जात नाही.

राजारामपुरीत राहणाऱ्या माझ्या पुतणीच्या मुलाला माशांचा नाद लागला. टाकी घरी आली ती ३ फूट लांब, १ फूट रुंद आणि दीड फूट उंच. स्टँडचे दर ऐकून पुतणी म्हणाली, "राहू दे काका, जुनं टेबल आहे, त्याच्यावरच ठेवू." मी तिला कागदावर हिशेब मांडून दाखवला. पाण्याचे वजन लोकांच्या ध्यानातच येत नाही. एक घनफूट पाणी म्हणजे २८ लिटरांहून थोडे अधिक, आणि जितके लिटर तितके किलो. त्या टाकीत साडेचार घनफूट मावते, म्हणजे १२७ किलो. वर काचेचे आणि तळच्या खडीचे वजन धरा. एकूण १६५ ते १७० किलोंचा ऐवज झाला. आपल्या कोल्हापुरी हिशेबात सांगायचे तर गंगावेस तालमीतले दोन मल्ल टेबलावर चढून बसले. मल्ल निदान जेवायला तरी उतरतील. पाणी उतरत नाही. आणि लाकडाचा स्वभाव असा, की घटकाभर जे ओझे ते सहज पेलते, त्याच ओझ्याखाली वर्षानुवर्षे ठेवले तर हळूहळू वाकत जाते.

"मीच करून देतो," मी म्हणालो. लाकूड घरात पडलेले होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. त्या पुरात आमच्या जुन्या घरात पाणी शिरले. पुढे दुरुस्तीत दोन दारांच्या सागवानी चौकटी काढाव्या लागल्या, त्या माळ्यावर होत्या. फुकटचे साग! आणखी काय हवे?

हत्यारे आणि अक्कल मात्र उसनी घ्यावी लागली. आमच्या शेजारी एक मेस्त्री राहतात. त्यांची हयात उद्यमनगरात फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करण्यात गेली. कोल्हापूरचे ओतकाम पुष्कळांना ठाऊक असते, पण त्याआधी कोणीतरी लाकडात तोच भाग घडवतो आणि त्याभोवती वाळू ठोकून साचा करतात, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. ओतलेले बीड थंड होताना आकसते, म्हणून पॅटर्न फुटामागे सुमारे एक अष्टमांश इंच मोठा करावा लागतो. शेवटी भाग गिऱ्हाइकाकडे जातो आणि पॅटर्न फळीवर धूळ खात पडतो. हा माणूस जन्मभर न दिसणाऱ्या वस्तू करीत आला.

त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली ही, की ओझे स्क्रूवर टाकू नये. लाकूड लाकडावर बसवावे. आडवी पट्टी पायाला बाहेरून स्क्रूने डकवली की सारा भार त्या बारीक लोखंडावर येतो. तीच पट्टी पायाच्या डोक्यावर, खाचेत बसवली की भार सरळ पायातून जमिनीत जातो. दुसरी गोष्ट मला नवी होती. स्टँड सहसा ओझ्याखाली चिरडून पडत नाही. तो बाजूला कलतो. चार पाय सरळ उभे असले तरी एका धक्क्याने चौकोनाचा तिरका चौकोन व्हायला वेळ लागत नाही. म्हणून मागच्या बाजूला तिरकी पट्टी किंवा प्लायवूडचा पत्रा हवाच. "म्होरनं शोभा, मागनं जीव," मेस्त्री म्हणाले. टाकीखाली थर्माकोल घालायला त्यांनीच सांगितले. फळीचा उंचसखलपणा तो आपल्या अंगावर घेतो, नाहीतर काचेला तडा जातो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. चार पायांपैकी तीन उत्तम निघाले. चौथ्यासाठी उरलेल्या तुकड्याच्या एका कडेला सागाचा पांढरा भाग होता. सागाचा गाभा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, पण कडेचे हे पांढरे लाकूड किडीला गोड लागते. बरोबर तिरकी पट्टी जिथे बसायची तिथेच टाचणीच्या डोक्याएवढी भोके होती आणि ठोकले की पीठ गळत होते. टिंबर मार्केटात जाऊन एक तुकडा आणायचा, एवढाच प्रश्न होता. पण दुपार झाली होती. आणि खरे सांगायचे तर, एक पैसाही खर्च न करता स्टँड केला, हे चारचौघांत सांगायचा मोह झाला होता. मी लाकडाचा भुसा सरसात कालवून भोकांत भरला, घासले, रंग दिला आणि तो पाय भिंतीकडे जाईल असा लावला. मेस्त्रींनाही दाखवला नाही.

सगळ्यांनी कौतुक केले. पोराने त्यात गोल्डफिश सोडले, गप्पी सोडले. मी विसरूनही गेलो होतो. पुढे एका मे महिन्यात दुपारी त्यांच्याकडे गेलो, तर पोरगा टाकीच्या पायथ्याशी चटईवर झोपलेला. डोके त्या मागच्या पायापासून हातभर अंतरावर. पुतणी म्हणाली, "त्याला तिथंच झोप लागते. पाण्याचा आवाज येतो ना." मी चहा न घेताच उठलो.

घरी येऊन हिशेब केला. हिशेब माझ्या बाजूचा होता. पाय २ इंच बाय २ इंच, म्हणजे ४ चौरस इंच. एका पायावर ४२ किलोंच्या आसपास भार. चौरस इंचाला ११ किलोही धड नाहीत. चांगले सागवान रेषांच्या दिशेने याच्या कित्येक पट ओझे सोसते. निम्मा पाय पोखरला असता तरी तो खाली बसला नसता. प्रश्न होता तो तिरक्या पट्टीच्या सांध्याचा, आणि तिथे माझा हिशेब चालत नव्हता.

मग मी स्वतःशी वाद घालू लागलो. तीन वर्षे काही झाले नाही. मग मी चुकलो कुठे? जुन्या बाबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यात असे आहे, की बांधलेले घर पडून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड द्यावा. कायदा कडक खरा, पण तोही घर पडल्यावरच जागा होतो. ज्याने तसेच कच्चे घर बांधले आणि ते पडले नाही, त्याच्याबद्दल हम्मुराबीला काही म्हणायचे नाही. आपणही असेच न्याय करतो. दोन माणसे सारखीच बेफिकिरी करतात. एकाच्या हातून अपघात होतो, दुसऱ्याच्या होत नाही. पहिल्याला आपण गुन्हेगार म्हणतो आणि दुसऱ्याला काहीच म्हणत नाही. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोघा तत्त्वज्ञांनी १९७६ साली या दैवाच्या भागावर मोठी चर्चा केली. परंतु मला त्यांच्यापेक्षा आपल्या गीतेनेच अधिक अडचणीत आणले. कर्मावर तुझा अधिकार, फळावर नाही, हे आपण अपयश आले की सोयीने आठवतो. मग फळ चांगले आले तेव्हा काय? स्टँड उभा राहिला हेही माझे नव्हतेच. माझे होते ते फक्त भुसा आणि सरस.

काटकसरीचा बचावही करून पाहिला. काटकसर हा सद्गुण आहे, आमची पिढी त्यावरच वाढली. स्वतःच्या ताटातला घास कमी केला तर ती काटकसर. पण ज्याला तपासता येत नाही अशा दुसऱ्याच्या आधारातून कमी केले तर तिला तेच नाव देववेना. शिवाय ही भेट होती. विकत घेतलेली वस्तू माणूस ठोकून बघतो. काकाने दिलेली वस्तू कोण ठोकून बघेल? मी पैसे घेतले असते तर कदाचित कमी फसवले असते.

उलट बाजूही मनात आली. हा सारा बाऊ म्हणजे म्हातारपणीचा अहंकार तर नव्हे? माझ्या एका पायाने जगाचा तोल जाणार, असे मानण्यात एक प्रकारची ऐट आहेच. तसे असेलही. पण चटईवरचे डोके त्या ऐटीचा भाग नव्हते.

आठ दिवसांनी मेस्त्रींना घेऊन गेलो. वाटेत त्यांना सांगितले. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मास्तर, पॅटर्नमधली खोट धा ओतिवांत धादा दिसती. लाकडाचं एक बरं असतंय, एकदाच फसवतंय."

पुतणीला सांगणे अधिक जड गेले. तिने ऐकून घेतले आणि मासे बादलीत काढायला लागली. निम्मे पाणी दुसऱ्या बादल्यांत राखून ठेवले. सगळे पाणी नवे घातले तर मासे बिचकतात आणि कधीकधी दगावतात. पोरगा बादलीवर ताट धरून बसला होता. त्याने विचारले, "आजोबा, तुम्हाला आधीपासून माहीत होतं?" मी हो म्हणालो. "मग?" मी पुढे काही बोललो नाही, आणि त्यानेही पुन्हा विचारले नाही, एक गप्पी उडी मारू पाहत होता.

मेस्त्रींनी पाय काढला, गुडघ्यावर धरून जोर केला. मोडला नाही. हातोडीचे दोन घाव घातले, तेव्हा पांढऱ्या बाजूची ढलपी उडाली आणि आतला गाभा जसाच्या तसा राहिला. "आनि धा वर्सं गेली असती," ते म्हणाले. मला हायसे वाटले, आणि लगेच त्याची लाजही वाटली. नवा पाय बसला, पाणसळ लावून झाली, पाणी चढू लागले.

पुतणीने हात पुसले. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "काका, स्वयंपाकघरातली ती उंच फळी, पितळेचे डबे आहेत ती, तीही तुम्हीच ठोकली होती ना?"

मेस्त्रींनी स्टूल मागवले.