परक्याची दृष्टि

दुसऱ्याच्या घरांत डोकावूं नये, हें आपणांस लहानपणींच शिकविलें जातें; दुसऱ्याच्या देशांत डोकावणें मात्र व्यासंगाचें लक्षण समजलें जातें. हातांत कॅमेरा असला म्हणजे तर डोकावणाऱ्यास संकोचही उरत नाहीं. परक्या माणसानें एखाद्या शहराच्या रस्त्यावर उभें राहून तेथील लोकांचें खाणें, भांडणें, कपडे वाळत घालणें यांचीं चित्रें टिपावीं, यांत त्याच्याकडून कांहीं अपराध घडतो काय? हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं.

या उद्योगाचा इतिहास आपल्यापासून फार दूरचा नव्हे. विल्यम जॉन्सन या इंग्रजानें मुंबईंतील निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांचीं छायाचित्रें घेऊन 1863 व 1866 सालीं दोन भागांत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील पुष्कळ चित्रांत माणसें एका ठिकाणचीं, आणि त्यांच्या मागचा देखावा दुसऱ्याच छायाचित्रांतून आणून जोडलेला, असा प्रकार आहे. पुढें जॉन थॉमसन या स्कॉट गृहस्थानें चिनी लोकजीवनाचीं 200 छायाचित्रें 1873-74 सालीं चार खंडांत छापलीं. जॉन्सननें देखावा कात्रीनें बदलला. पण कात्री न लावतांही माणूस त्याच्या परिस्थितीपासून तोडतां येतो. 1948 च्या डिसेंबरांत आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकारानें शांघायमध्यें एका बँकेबाहेर एकमेकांस घट्ट चिकटलेल्या माणसांची रांग टिपली. कागदी चलनाची किंमत कोसळली होती. सरकारनें दर माणशीं 40 ग्रॅम सोनें देण्याचें ठरविलें होतें. त्या सोन्यासाठीं ती गर्दी होती. हें ज्यास ठाऊक नाहीं, त्याला ती रांग दुष्काळांतील अन्नछत्रापुढचीही वाटेल.

एवढ्यावरून परक्याच्या दृष्टीचा सरसकट निषेध करावयास मी तयार नाहीं. जें रोजचें आहे तें राहणाऱ्यास दिसत नाहीं. संवय ही डोळ्यांवरची पट्टीच होय. आपल्या आजोबा-पणजोबांचे पोशाख, पागोटीं आणि पेठा पाहावयाच्या असल्या, तर पुष्कळदां अशा परक्यांच्याच संग्रहांकडे जावें लागतें. शिवाय स्वाभिमानाचाही एक आंधळेपणा असतो. इटालियन दिग्दर्शक मिकेलँजेलो अँतोनिओनी यानें 1972 सालीं चिनी सरकारच्याच निमंत्रणावरून तेथील सामान्य लोकांच्या दिनक्रमाचा एक अनुबोधपट तयार केला. 1974 च्या जानेवारींत ‘पीपल्स डेली’ या साम्यवादी पक्षाच्या पत्रानें त्यावर कडाडून हल्ला चढविला. नानकिंग येथील यांगत्सेवरचा भव्य पूल त्यानें वाकड्या कोनांतून दाखविला, आणि पुलाखालीं दोरीवर वाळत असलेल्या विजारी मुद्दाम मध्यें घालून थट्टा केली, असाही एक आरोप होता. आरोप करणाऱ्यांस पूल म्हणजेच चीन वाटत होता. परक्याचें लक्ष विजारींकडेही गेलें होतें. ज्या कोणीं त्या विजारी धुऊन वाळत घातल्या, त्याचें मत मात्र त्या वादांत कोणाच्याच गणतींत नव्हतें.

आमच्या वलगांवासही एक पूल आहे. पेढी नदीच्या त्या पुलाजवळ, अमरावतीस नेलें जात असतां, 20 डिसेंबर 1956 रोजीं गाडगेबाबांनीं देह ठेवला. अंगावर चिंध्यांचें वस्त्र, हातांत खराटा व गाडगें, अशा वेषांत हा पुरुष रस्ता झाडतांना एखाद्या परक्या छायाचित्रकारास दिसता, तर त्यानें चित्राखालीं काय लिहिलें असतें? ‘हिंदुस्थानांतील एक भिकारी’, यापलीकडे बहुधा कांहीं नाहीं. चित्र खोटें ठरलें नसतें. चिंध्या खऱ्या होत्या, खराटाही खरा होता. पण ज्याच्या शब्दावर पंढरपूर, नाशिक येथें धर्मशाळा उभ्या राहिल्या, ज्यानें दिवसा गांव झाडलें आणि रात्रीं कीर्तनांत लोकांचीं मनें झाडलीं, तो पुरुष त्या चित्रांत नसता. आणि परक्याचें राहूं द्या. त्याच मुलुखांतल्या किती शिकल्यासवरल्या माणसांनीं त्यांस प्रथमदर्शनीं ओळखलें असतें?

हा प्रश्न मला स्वतःपुरता टाळतां येत नाहीं. दोन वर्षांपूर्वीं वलगांवच्या बाजारांत भाजी विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईचें छायाचित्र मीं तिला न विचारतां घेतलें. चेहऱ्याच्या सुरकुत्यांवर ऊन मोठें सुरेख पडलें होतें. आमच्या महाविद्यालयाच्या प्रदर्शनांत तें चित्र लागलें. त्याची वाखाणणीही झाली. पुढच्या बाजारच्या दिवशीं त्याची एक प्रत घेऊन मी तिच्याकडे गेलों. ती हरखून जाईल, अशी माझी समजूत होती. तिनें चित्र डोळ्यांजवळ नेलें, बराच वेळ पाहिलें, आणि ती एवढेंच म्हणाली, “मास्तर, मले पदर त सावरू द्याचा होता, बापा.”

मी याच तालुक्यांत जन्मलों. तिची बोली ती माझ्या आईची बोली. तरीही त्या क्षणीं माझ्यांत आणि चीनमधल्या रस्त्यावर उभ्या असलेल्या फिरंग्यांत तिच्या दृष्टीनें कांहीं अंतर नव्हतें. इंग्रजी विद्येनें मला जे रसिकाचे डोळे दिले, त्यांना सुरकुत्या दिसल्या; पदर दिसला नाहीं. परकेपणा समुद्र ओलांडूनच येतो असें नाहीं, तो आठवडी बाजाराच्या रस्त्यानेंही येतो.

कोणी म्हणेल, विचारून घेतलेल्या चित्रांत सहजता राहत नाहीं. हें खरें आहे. मीं विचारलें असतें तर तें ऊन सरकलें असतें आणि ती मुद्राही गेली असती. पण एक सुंदर चित्र हुकणें हा तोटा आहे, अन्याय नव्हे. आणि दुसऱ्याच्या लाजेवर आपलें सौंदर्य उभारणें यांत अन्याय आहे. गर्दींतल्या प्रत्येकास विचारणें शक्य नाहीं, हेंही कबूल. मात्र चित्र घेणाऱ्यानें मनाशीं एवढें ठरवावें, कीं हें चित्र या माणसापुढें ठेवून मला त्याच्या नजरेस नजर देतां येईल काय? ज्यास ती देतां येईल, तो शांघायमध्येंही परका नव्हे; ज्यास येणार नाहीं, तो वलगांवांतही परकाच.

तें चित्र मीं प्रदर्शनांतून काढून आणलें. तें माझ्या कपाटांत आहे. म्हातारीनें तें मागितलें नाहीं, आणि फाडून टाकण्याचा धीर मला अद्याप झालेला नाहीं.