पशूचा जीव जाणणें

वाचनाचा भाग : नीतिसूत्रें १२:१०



वरील वचन आपणांपैकीं बहुतेकांच्या ओळखीचें आहे. त्याच्या पहिल्या भागांत नीतिमान् मनुष्य व त्याचें जनावर यांविषयीं सांगितलें आहे, आणि दुसऱ्या भागांत दुष्टाच्या दयेविषयीं. पहिल्या भागाचा अर्थ आपण इतकाच घेतों कीं गुरांना मारूं नये व उपाशीं ठेवूं नये. परंतु मूळ इब्री भाषेंत तेथें जो शब्द आहे, त्याचा अर्थ 'जाणणें' असा आहे. नीतिमान् मनुष्य आपल्या पशूचा जीव जाणतो. आणि लगेच पुढें सांगितलें आहे कीं दुष्टाची दयादेखील निर्दयच असते. पुष्कळ वर्षें हें वचन वाचीत असतां मला वाटे कीं हा दुसरा भाग कांहीं माझ्यासाठीं लिहिलेला नाहीं. एका सणाच्या दिवशीं ही माझी समजूत मोडली. ती हकीकत सांगतांना मला लाज वाटते, तरी सांगतों.

आमच्या मंडळींत हंगामाची उपकारस्तुती होती. भक्ति झाली, पंगती उठल्या, आणि दोन मोठीं पातेलीं भात व पाटीभर पुऱ्या उरल्या. मंडळींतील एका विधवा बहिणीची गाय नुकतीच व्याली होती, आणि त्या दुधावरच तिचें घर चालत असे. मीं मुलांना म्हटलें, "देवाचें अन्न वायां जाऊं देऊं नका, बाईच्या गाईपुढें नेऊन ठेवा." मुलें आनंदानें धांवलीं. गाईनें तें सारें अधाशासारखें खाल्लें. बाईनें माझे उपकार मानले. मलाही बरें वाटलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं गाय रवंथ करीना. पोट तट्ट झालें, शेण पातळ व आंबूस वासाचें पडूं लागलें. कोणी म्हणालें, दृष्ट लागली. ख्रिस्ती घरांतही हा शब्द अजून निघतो, हें दुःखानें लिहावें लागतें. कोणी गोडेतेल पाजलें. संध्याकाळीं गाय झोकांड्या खाऊन बसली, ती पुन्हा उठली नाहीं. गुरांचे डॉक्टर आले तेव्हां फार उशीर झाला होता. त्यांनीं एकच प्रश्न विचारला : "काल हिनें काय खाल्लें?" त्या प्रश्नाचें उत्तर मलाच द्यावें लागलें.

बंधुजनहो, गाईचें पोट आपल्या पोटासारखें नव्हे. त्यांत चार कप्पे आहेत. पहिला कप्पा एखाद्या पिंपाएवढा मोठा असून त्यांत डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्म जीव राहतात. कडबा व गवत आपल्याला पचत नाहीं, आणि खरें पाहतां एकट्या गाईलाही तें पचलें नसतें. तें हे जीव पचवितात आणि त्यांच्या श्रमावर गाय जगते. ज्यानें काळ्या मातींतून जोंधळा उगवला, त्यानेंच ही योजना केली आहे. आतां या पोटांत एकाएकीं भात, भाकरी, पुरी किंवा पीठ पुष्कळ पडलें, म्हणजे दुसऱ्याच जातीचे जीव त्यावर झपाट्यानें वाढतात व दूध आंबतांना जें आम्ल होतें तेंच आम्ल तेथें भरमसाट होतें. त्यानें चारा पचविणारे जीव मरतात, आम्ल रक्तांत उतरतें, आणि एका दिवसांत उभें जनावर आडवें होतें. असें झाल्यास दाणा व पीठ अगदीं बंद करावें, थोडा वाळला कडबा तेवढा पुढें टाकावा, आणि क्षणाचाही विलंब न करितां डॉक्टरांना बोलवावें. आम्हीं एक रात्र घालविली.

येथें एक शास्त्री वृत्तीचे गृहस्थ मला म्हणाले, "पण अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायांत मळणी करणाऱ्या बैलाच्या तोंडाला मुसकें बांधूं नये अशी आज्ञा आहे. मग दाणा वाईट कसा?" प्रश्न योग्य आहे. दाणा वाईट नाहीं. मळणीचा बैल चालतां चालतां एक घांस घेतो, पुन्हा फेरा मारतो, पुन्हा एक घांस घेतो. शिवाय त्या घांसांत दाण्याबरोबर ताटें व भूसही असतें. ती त्याची मजुरी आहे आणि ती बुडविणें हें पाप आहे. परंतु तोच बैल रात्रीं दावें तोडून खळ्यावरच्या राशीवर गेला, तर सकाळीं धन्याला काय दिसतें तें आपल्या गांवांत पुष्कळांनीं पाहिलें आहे. आज्ञा आहे मुसकें न बांधण्याची. दावें सोडून देण्याची नव्हे.

म्हणून वैरण बदलावयाची तर ती हळूहळू बदलावी. जुन्यांतली मूठभर कमी करून नव्याची मूठभर घालावी. आठ-दहा दिवसांत पोटांतले जीव नव्या खाण्याला सरावतात. दुभत्या गाईला पेंड व भरडा अवश्य द्यावा, पण सकाळसंध्याकाळ वांटून आणि दुधाच्या मानानें. साधारणतः अडीच लिटर दुधामागें एक किलो, हें माप पुष्कळ ठिकाणीं चालतें. चारशें किलो वजनाच्या गाईला सर्व मिळून दहा ते बारा किलो कोरडें अन्न लागतें. हिरव्या चाऱ्यांत तीन चतुर्थांशांहून अधिक पाणीच असतें, तेव्हां हिरव्याची मोठी पेंढी पाहून 'पोटभर घातलें' असें समजूं नये. कडबा कुट्टी करून घालावा. अखंड घातला तर पानें खाऊन ताटें पायांखालीं जातात. मीठ विसरूं नये. पाणी तर मुळींच नाहीं : शब्बाथ दिवशींदेखील प्रत्येक जण आपला बैल गव्हाणीपासून सोडून पाण्यावर नेतोच, असें प्रभूनें त्या सभास्थानाच्या अधिकाऱ्याला सुनाविलें होतें.

बुरशी धरलेली पेंड 'जनावराला काय कळतें' म्हणून घालण्याची चाल आहे. इ. स. १९६० मध्यें इंग्लंडांत टर्की जातीचे सुमारें एक लाख पक्षी थोडक्या काळांत मेले, आणि शोध केल्यावर दोष भुईमुगाच्या पेंडीवरील बुरशीच्या विषाचा ठरला. तें विष गाईच्या दुधांतही उतरतें. तें दूध आपलींच लेकरें पितात.

आणखी एक गोष्ट गुराखी पोरांना बजावून सांगा. कोंवळा जोंधळा, पावसानें ताण दिलेला जोंधळा, आणि कापणीनंतर बुडख्यांतून येणारे हिरवे फुटवे यांत जालीम विष असतें. जनावराला किराळ लागली म्हणतात ती हीच. धाप लागते, जनावर कोसळतें, आणि कित्येकदां घटकाभरांत सर्व आटोपतें. यावर डॉक्टरांजवळ टोचण्याचें औषध आहे, परंतु तें वेळेवर पोंचलें पाहिजे. पीक फुलोऱ्यावर आल्यावर हें भय बहुतेक जातें, आणि चांगला वाळलेला कडबा निर्धोक असतो. उन्हाळाभर कोरडें खाल्लेलें गुरूं त्या हिरव्या फुटव्यांकडे किती ओढीनें जातें! सोडणाऱ्यालाही त्याची कींव येते. माझ्या भातासारखीच ही कींव.

उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायांत अब्राहामाचा सेवक रिबकेच्या घरीं आला, तेव्हां आधीं उंटांपुढें पेंढा व वैरण पडली आणि मग माणसांपुढें अन्न वाढलें गेलें. त्या घरांतल्या मुलीला विहिरीवरच ठाऊक होतें कीं आपल्या घरीं पेंढा किती आहे व वैरण किती आहे. आपल्यांतील किती कारभाऱ्यांना आपल्या गंजींतल्या पेंढ्यांचा आंकडा सांगतां येईल? पावसाळ्यापर्यंत पुरेल कीं नाहीं, हें दिवाळींतच मोजावें. उन्हाळ्यांत मोजून बाजारभाव तेवढा कळतो.

त्या विधवा बहिणीला मंडळीनें दुसऱ्या वर्षीं एक कालवड घेऊन दिली. अर्धे पैसे मीं दिले. तें दान नव्हतें, देणें होतें. मीं सर्व मंडळीपुढें तिची क्षमा मागितली, आणि तिनें ती केली. पण त्या वर्षभर तिच्या घरीं दूध नव्हतें, हें मला विसरतां येत नाहीं. आतां ती कालवड व्याली आहे. यंदाच्या उपकारस्तुतीला एका लहान मुलानें उरलेल्या पुऱ्यांची पाटी डोक्यावर घेतली व तो गोठ्याच्या वाटेला लागला. बाईनेंच पुढें होऊन ती पाटी उतरवून घेतली, आणि त्याचा हात धरून त्याला गव्हाणीपाशीं नेऊन कुट्टी किती घालावयाची तें दाखविलें.