मनाची झडती

जून 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने व्यवस्थापनशास्त्र शिकलेल्या एका तरुणीला खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप सुनावली. तिच्याविरुद्धच्या पुराव्यांत एक पुरावा तिच्याच मेंदूचा होता. मुंबईत झालेल्या चाचणीत तिच्या डोक्याला 32 इलेक्ट्रोड लावले होते. डोळे मिटून तिने फक्त ऐकायचे होते. गुन्ह्याची हकिगत सांगणारी छोटी छोटी वाक्ये, जणू तीच बोलते आहे अशा भाषेत, तिला ऐकवली गेली. त्या वेळी मेंदूत उमटलेल्या विद्युतलहरींवरून संगणकाने निष्कर्ष काढला, की ही घटना तिने अनुभवलेली आहे. आपण निर्दोष आहोत, असे ती सांगत होती. त्याच वर्षी निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञान संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने या चाचण्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असा निर्वाळा दिला. पुढे उच्च न्यायालयाने त्या तरुणीला जामीन दिला.

5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात स्पष्ट केले, की नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूची अशी चाचणी कोणावरही सक्तीने करता येणार नाही. बोलायचे की गप्प राहायचे, हे ठरवण्याचा अधिकार आरोपीलाही आहे. निकाल मोलाचा आहे. पण स्वेच्छेने होणाऱ्या चाचणीला त्याने वाट मोकळी ठेवली. आणि पुण्याच्या त्या तरुणीनेही चाचणीला होकारच दिला होता.

माझा सारा आक्षेप या होकाराला आहे. ‘नाही’ म्हटले तर संशय बळावतो, हे कोठडीतल्या माणसाला पक्के ठाऊक असते. अशा माणसाची सही कागदावर खरी असते, मनातून ती खरी असेलच असे नाही. हा प्रश्न कोठडीपुरता नाही. 2019 मध्ये चीनमधल्या एका प्राथमिक शाळेत मुलांच्या कपाळावर मेंदूच्या लहरी टिपणारे पट्टे बांधले गेले. मुलाचे लक्ष वर्गात आहे की भरकटले, ते पट्ट्यावरच्या दिव्याचा रंग सांगे आणि नोंदी शिक्षक-पालकांकडे जात. लोक संतापले, तेव्हा तो प्रयोग थांबला. खिडकीबाहेर पाहत क्षणभर हरवून जाणेही ज्याच्या हिशेबात धरले जाते, त्या मुलाच्या संमतीला काय अर्थ?

या तंत्राचे उपकार मला नाकारायचे नाहीत. अपस्माराच्या निदानाला मेंदूच्या लहरींच्या आलेखाची मोठी मदत होते. वाचा गेलेल्या रुग्णांना मेंदूतल्या इलेक्ट्रोडमुळे पुन्हा शब्द मिळू लागले आहेत. तिथे यंत्र रुग्णाच्या बाजूने उभे असते. पोलीस, मालक किंवा शाळा यांच्या हाती गेले, की तेच यंत्र माणसावर पहारा ठेवू लागते.

उद्या हे यंत्र बिनचूक झाले तरी माझा आक्षेप कायम राहील. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ असे आपण उगाच म्हणत नाही. राग, मत्सर, सुडाची कल्पना, देवाविषयी शंका, सारे मनात येऊन जाते. त्यातले काय उचलायचे आणि काय टाकून द्यायचे, हे माणूस ठरवतो, तिथेच त्याची नीती घडते. ही निवड होण्याआधीच जर कुणी आत डोकावू लागला, तर माणूस विचार करायलाच भिऊ लागेल. भीतीपोटी स्वच्छ ठेवलेल्या मनाला सद्गुणी म्हणता येत नाही.

चिलीने 2021 मध्ये मेंदूच्या क्रियेचे आणि तिच्यातून मिळणाऱ्या माहितीचे संरक्षण थेट राज्यघटनेत लिहिले. तिथल्या एका माजी सिनेटरने मेंदूच्या लहरी टिपणारे उपकरण विकत घेतले होते, त्याच्या अटीही स्वीकारल्या होत्या. तरीही 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची मेंदूविषयक माहिती पुसून टाकण्याचा आदेश कंपनीला दिला. आपल्या 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मेंदूच्या माहितीला वेगळे स्थान नाही. ते द्यायला हवे, आणि त्यात एक नियम निःसंदिग्ध असावा: ज्याच्या हाती आपली सुटका, नोकरी किंवा गुण आहेत, त्याने आपल्या मेंदूची नोंद मागूच नये, मागून मिळवलेली संमती ग्राह्य धरू नये.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर एवढे आपल्या हाती आहे: मुलाच्या एकाग्रतेचे आकडे दाखवणारा पट्टा कुणी विकायला आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. मुलाच्या मनात काय चालले आहे, ते मुलालाच विचारा. आणि त्याला सांगायचे नसेल, तर थांबा.