घर कोणासाठी आवरायचे?



आमच्या धाकट्याला पहिल्या कम्युनियनच्या वेळी काय हवे म्हणून विचारले, तेव्हा त्याने सायकल मागितली नाही, घड्याळ मागितले नाही. कुत्र्याचे पिल्लू मागितले. शेजारच्या आळीत एका घरी कुत्री व्यायली होती. त्या घरच्या बाईंनी आम्हां उभयतांना बजावले, "दोन महिने आईपाशी राहू द्या, मग न्या. तोवर घर आवरून ठेवा."

आवरायचे म्हणजे काय, ते जनावरांच्या डॉक्टरांनी समजावले. पिल्लू म्हणजे रांगते मूल समजा, असे ते म्हणाले. मग आम्ही जमिनीवर बसून आपलेच घर पाहिले. पलंगाखाली उंदराच्या औषधाची पुडी, न्हाणीत फिनेल, कपाटाच्या फटीत डांबरगोळी, लोंबणारी वायर. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे, मनुका हे सारे कुत्र्याला बाधते. (नाताळच्या दिवसांत आमच्या घरी मनुका डब्यात कमी आणि फरशीवर जास्त असतात!) कुंपणाची कण्हेरही विषारी. लसी सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू होतात, रेबीजची साधारण तिसऱ्या महिन्यात, आणि ती पुढेही चुकवायची नाही. वाडीतल्या बावखलाला मात्र कठडाच नव्हता. म्हणून सुताराला बोलावून त्या वाटेवर लहानसे फाटक करायला सांगितले.

सुतार माप घेत होता आणि आमची आई ओटीवर बसून पाहत होती. ती म्हणाली, "पिल्लासाठी दोन दिवसांत सुतार आला. न्हाणीत धरायला दांडा लावा म्हणून मी दोन पावसाळे सांगते आहे." ती रागावली नव्हती. म्हणूनच ते जास्त लागले.

ख्रिस्तसभेच्या १९९२ सालच्या कॅटेकिझममध्ये, परिच्छेद २४१८ मध्ये, या विषयावर थोडक्यात पण दोन्ही बाजूंनी लिहिले आहे. प्राण्यांना विनाकारण दुःख देणे माणसाला शोभत नाही. तसेच जो पैसा माणसांचे हाल दूर करायला लागायला हवा तो प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही. प्राण्यांवर प्रेम करावे, पण माणसाच्या वाट्याची माया त्यांना देऊ नये. ५ जानेवारी २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी मुलांऐवजी कुत्री-मांजरे पाळणाऱ्या जोडप्यांविषयी कडक शब्द वापरले, तेव्हा पुष्कळांना राग आला. पण ते प्रवचन संत योसेफाविषयी होते. मुले दत्तक घेण्याविषयीही पोप महोदय त्यात बोलले होते. जो आपल्या रक्ताचा नाही त्याला घरात जागा करून द्यावी, असे सांगणाऱ्याला प्राण्यांचा शत्रू म्हणणे आम्हांला पटत नाही.

मग काय, आधी आईचा दांडा आणि पिल्लू रद्द? एका नातेवाइकांनी आम्हांला तसाच सल्ला दिला. क्षणभर पटलाही. पण खरे सांगायचे तर दांडा पैशांवाचून अडला नव्हता. एका लसीच्या पैशांत तो बसला असता. तो अडला, कारण आईच्या बाजूने घर पाहायला आम्ही कधी बसलोच नव्हतो. पिल्लू नाकारले असते तर दांडा आणखी एक पावसाळा तसाच राहिला असता, एवढे आम्ही स्वतःला ओळखतो.

आणि कुत्र्याच्या बाजूनेही आम्ही कधी पाहिले नव्हते. पूर्वी आमच्याकडे मोती होता. अकरा वर्षे तो पडवीच्या खांबाला बांधलेला होता. त्याला भात-सुकट वेळेवर मिळे, कोणी त्याला मारले नाही. पाहुणे म्हणत, राखण चांगली करतो. पण त्याला वाडीत मोकळे कोण फिरवणार, हा प्रश्न घरात कोणी काढला नाही. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवण्यात मालकाने हयगय केली तर तो गुन्हा आहे, असे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात लिहिलेले आहे. मोती आला त्याच्या कितीतरी आधीचा तो कायदा. आम्हांला तो आता, पिल्लाची माहिती काढताना कळला. दर पाप-निवेदनाला जाणारी माणसे आम्ही, पण मोतीची साखळी आमच्या कधी लक्षात आली नाही. तोबिताच्या पुस्तकात तोबिया दूरच्या प्रवासाला निघतो तेव्हा घरचा कुत्राही त्याच्याबरोबर चालत जातो, आणि परततानाही बरोबर असतो. त्याचे नाव दिलेले नाही. पण तो बांधलेला नाही, एवढे स्पष्ट आहे.

कुत्रा बारा-चौदा वर्षे जगतो. तोवर धाकटा कॉलेजात असेल, कदाचित परदेशीही गेला असेल. त्याच्या हट्टाचे पिल्लू पुढे आमचेच म्हातारे कुत्रे होणार, हे धरूनच आम्ही होकार दिला. सकाळी कोण फिरवणार, मिस्साच्या वेळी कोण घरी थांबणार, सुट्टीत कोणाकडे ठेवायचे, हे वहीत लिहून भिंतीला लावले आहे. धाकट्याने सही केली आहे, मोठीने अजून केलेली नाही.

सुताराने फाटक आणि दांडा एकाच दिवशी बसवला, आधी दांडा. जाता जाता त्याच्याकडून खांबातली लोखंडी कडीही काढून घेतली. "ही कशासाठी होती?" असे धाकट्याने विचारले, आणि आम्ही त्याला मोतीची गोष्ट सांगितली, काही न लपवता. खांबाला पडलेले भोक अजून बुजवायचे आहे.

पिल्लू येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर येणार आहे. ते कुठे झोपणार यावर घरात एकमत नाही. आई म्हणते, माझ्या खोलीत ठेवा, मला तशीही रात्री झोप नसते.