सहा महिने मिलिट्रीच्या हातात

"देश सहा महिने मिलिट्रीच्या हातात द्या, बघा सगळे कसे सरळ होतात." आमच्या प्रताप नगरात वाढलेल्या कुणालाही हे वाक्य नवीन नाही. चहाच्या टपरीवर ते ऐकू येतं, लग्नाच्या पंगतीत येतं, आणि गेल्या वर्षी पहलगामनंतर तर फॅमिली ग्रुपवर रोज कुणी ना कुणी टाकत होतं. हे म्हणणारे काका काही हुकूमशहा नसतात. बँकेतून किंवा एमएसईबीतून रिटायर झालेले, कोपऱ्यावरच्या पोरांना क्रिकेटचा बॉल आणून देणारे लोक. त्यांचा मुद्दा साधा आहे: अतिरेक्याला वकील मिळतो, तारखा मिळतात, वीस-वीस वर्षं मिळतात, बॉम्बमध्ये गेलेल्याला काय मिळतं?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण मला 'सहा महिने' या आकड्याचं कुतूहल आहे. सहा महिन्यांत नेमकं काय होणार असतं?

आपल्याकडे हा प्रयोग कधी झालेला नाही. 1975 ची आणीबाणी पंतप्रधानांनी आणली होती, सेनापतींनी नाही, आणि तिचा दहशतवादाशी संबंध नव्हता. प्रयोग झाला तो शेजारी. तिथली कोर्टं आणि फौजदारी कायदे आपल्यासारखेच, इंग्रजांनी मागे ठेवलेल्या सांगाड्यावर उभे. म्हणून ती तुलना मला अमेरिकेच्या किंवा इस्रायलच्या उदाहरणापेक्षा जवळची वाटते.

3 नोव्हेंबर 2007. परवेझ मुशर्रफ यांनी पाकिस्तानात आणीबाणी लावली. जाहीरनाम्यावर सही केली ती राष्ट्राध्यक्ष म्हणून नव्हे, लष्करप्रमुख म्हणून. कारणं दोन दिली: वाढता दहशतवाद, आणि सरकारच्या कामात आडवी येणारी न्यायव्यवस्था. कोर्टं संशयितांना सोडून देतात, पोलिसांचं मनोधैर्य खचतं, वगैरे. म्हणजे आमच्या काकांचंच म्हणणं, फक्त सरकारी भाषेत.

मग काय झालं? सरन्यायाधीश इफ्तिखार चौधरींसह वरच्या कोर्टांतले डझनावारी न्यायाधीश घरी बसवले गेले. खाजगी न्यूज चॅनेल बंद झाली. काळे कोट घातलेले वकील हजारोंनी आत गेले. आणि आणीबाणी लागली त्याच एक-दोन दिवसांत दक्षिण वझिरिस्तानात अतिरेक्यांनी ऑगस्टपासून ओलीस धरलेले दोनशेहून जास्त सैनिक सुटले. बदल्यात सरकारने पंचवीस अतिरेकी सोडले होते. वकील आत, अतिरेकी बाहेर. व्यंगचित्रकाराने काढलं असतं तर अतिशयोक्ती वाटली असती.

सहा महिने सोडा, ही आणीबाणी सहा आठवड्यांत, 15 डिसेंबरला उठली. त्याच डिसेंबरमध्ये तिथले विखुरलेले गट एकत्र येऊन 'तहरीक-ए-तालिबान पाकिस्तान' बनले. 27 डिसेंबरला रावळपिंडीत, म्हणजे लष्कराचं मुख्यालय असलेल्या शहरात, बेनझीर भुट्टोंची हत्या झाली.

आणीबाणीमुळे हे सगळं झालं, असं मी म्हणत नाही. लाल मशिदीवरची कारवाई जुलैतच झाली होती, आग आधीच लागलेली होती. मुद्दा एवढाच की सगळे अधिकार एका हातात आले तेव्हा तो हात भलतीकडे वळला. आणि ते समजण्यासारखंही आहे. मुशर्रफ वर्दीत राहून राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवू शकतात का, हा खटला त्याच सुप्रीम कोर्टात निकालाच्या तोंडावर होता. त्यांच्या खुर्चीला खरा धोका वझिरिस्तानातून नव्हता, इस्लामाबादच्या कोर्टरूममधून होता. ज्याला खुर्ची सांभाळायची आहे तो आधी त्या धोक्याकडे बघणार.

आम्ही सॉफ्टवेअरवाले रात्री-अपरात्री कोसळलेल्या सिस्टिमशी झगडतो, तेव्हा एक मोह हमखास होतो. अलर्ट सतत वाजतायत, डोकं काम करत नाही, तर आधी अलर्टच म्यूट करा. शांतता लगेच मिळते. सिस्टिम मात्र अजून पडलेलीच असते. (देश म्हणजे सर्व्हर नव्हे, हे मलाही कळतं. सर्व्हरला आई-वडील नसतात.) न्यायाधीश, पत्रकार, वकील ही मंडळी सरकारला 'तुम्ही चुकीचा माणूस धरलाय' असं सांगणारे अलर्ट आहेत. दहशतवादाच्या बाबतीत ही चूक सगळ्यात महाग, कारण खरा माणूस मोकळा राहतो.

इथे काका म्हणतील, पण स्वात तर सैन्यानेच साफ केलं ना? केलं. 2009 मध्ये. पण तेव्हा सरकार निवडून आलेलं होतं, मुशर्रफ गेले होते, आणि एका मुलीला फटके मारतानाच्या व्हिडिओने लोकांचं मत फिरलं होतं. 2014 ची वझिरिस्तानातली मोठी मोहीमही निवडून आलेल्या सरकारच्याच काळातली. पेशावरच्या शाळेवरच्या हल्ल्यानंतर संसदेने लष्करी न्यायालयंही आणली आणि पुढच्या काही वर्षांत हल्ले घटले, हे मान्य करायला हवं. मला ती न्यायालयं पटत नाहीत, पण तीही संसदेत मतदान होऊन, मुदत घालून आली होती. सैन्याने लढणं आणि सैन्याने राज्य करणं यांची गल्लत आपण सर्रास करतो.

आपल्याकडेही 'सहा महिन्यां'ची छोटी पुडी कायद्यात आहेच. महाराष्ट्राच्या मकोका कायद्यात पोलीस अधीक्षक किंवा त्याच्या वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. साध्या खटल्यात चालत नाही. 11 जुलै 2006 ला मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, 180 हून जास्त माणसं गेली. काही महिन्यांत आरोपी पकडले, कबुलीजबाब आले. 2015 मध्ये बारा जण दोषी ठरले, पाच जणांना फाशी. प्रकरण सुटलं असं आपण सगळ्यांनीच धरून चाललो.

21 जुलै 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, असं म्हटलं. प्रकरण सोडवल्याचा आभास निर्माण केला की समाजाला खोटा दिलासा मिळतो आणि खरा धोका मोकळाच राहतो, अशा अर्थाचं निरीक्षणही नोंदवलं. प्रताप नगरातून वर्धा रोडला निघालं की काही मिनिटांत मध्यवर्ती कारागृहाची भिंत लागते. सुटलेल्यांपैकी काही त्याच भिंतीआड होते. बारापैकी एक जण 2021 मध्ये कोविडने तिथेच गेला होता. निकाल ऐकायला तो नव्हता.

याच्या शेजारी कसाबचा खटला ठेवून बघा. तुकाराम ओंबळेंनी जीव देऊन त्याला जिवंत पकडू दिलं. मे 2010 मध्ये फाशीची शिक्षा, 21 नोव्हेंबर 2012 ला येरवड्यात अंमलबजावणी. हल्ल्यापासून चार वर्षांत, उघड्या कोर्टात, वकील देऊन. आणि त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपींना न्यायाधीशांनी पुराव्याअभावी सोडलं, ते सुप्रीम कोर्टापर्यंत टिकलं. त्या कोर्टाला 'नाही' म्हणता येत होतं, म्हणून कसाबच्या बाबतीतल्या 'हो'ला जगात वजन आलं.

लोकल स्फोटांचा निकाल राज्य सरकारने सुप्रीम कोर्टात नेला. 24 जुलै 2025 ला सुप्रीम कोर्टाने तो इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्याला स्थगिती दिली, सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात जायला सांगितलं नाही. उच्च न्यायालयाचं बरोबर असेल, तर ते बॉम्ब लोकलमध्ये ठेवणारी माणसं एकोणीस वर्षं कुणी शोधलेलीच नाहीत. ती आता पन्नाशीत असतील, कुठेतरी संध्याकाळी चहा पीत असतील.